कोरे की चालू

"काका, टायर कवाचं म्हणायचं हे?"

रघुनाथराव गाडीतच बसून होते, काच अर्धी खाली होती, आणि विचारणारा सावळाराम पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. बारामतीत भिगवण रस्त्याच्या पेट्रोलपंपावर हा म्हातारा वर्षानुवर्षं हवा भरतोय. तो गाडी बघून बोलतो, माणूस बघून बोलत नाही. रविवारची सकाळ होती, मागं दोन मोटारसायकली आणि दुधाची एक पिकअप ताटकळत उभी होती. "नवेच आहेत, गुरुवारी टाकलेत," रघुनाथराव म्हणाले, आणि आपण जरा जास्तच ठसक्यात बोललो असं त्यांचं त्यांनाच वाटलं. सावळारामनं टायरच्या कडेवर अंगठ्याचं नख दाबलं, उचललं, परत दाबलं. "कोरं हायती, त्यात वाद न्हाय. पळाल्यालं न्हायती. पर नवं काय न्हायती. नख रुतंना बगा. हितं कडंला बारीक चिरा बी धरल्यात. पडून पडून वाळलंय रबर. लई लांब न्हिऊ नका." एवढं सांगून त्यानं व्हॉल्व्हचं टोपण फिरवलं आणि मागच्या पिकअपला पुढं यायची खूण केली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

रघुनाथरावांच्या लेखी तो तिथं सुरू झाला. पंपावरून बाहेर पडताना त्यांनी दुसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला, गाडी आचके देत बंद पडली, आणि मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. हवा भरणाऱ्यानं आपल्याला शिकवावं! एकतीस वर्षं ज्यानं वालचंदनगरच्या कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात काढली, ज्याचा पितळी शिक्का उमटल्याशिवाय लोखंडाचा तुकडा दाराबाहेर पडत नसे, त्याला नख दाबून दाखवतो! म्हाताऱ्याला काय कळतंय, असं ते तीन हत्ती चौकापर्यंत स्वतःला बजावत राहिले. चौकात सिग्नलला थांबल्यावर मात्र दुसरा विचार वर आला, की समजा कळत असलं तर? चुकीचं बोलणाऱ्याचा राग येतो तो लगेच निवतो. बरोबर बोलणाऱ्याचा राग येतो तो घरापर्यंत सोबत येतो. हा घरापर्यंत आला, वळणावर त्यांच्याबरोबर वळला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांच्या आधी उतरला.

कारण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. टायर त्यांनी बघितले नव्हते. मुलीला, स्वरदाला, इंदापूरच्या कॉलेजात कायम नोकरी लागली. रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, उसाच्या ट्रॅक्टरांमधून. एसटीनं जाईन म्हणत होती. यांनीच आपली गाडी तिला देऊन टाकली आणि वर म्हणाले, आधी चारी टायर नवे टाकतो. बारामतीत दुकानं काय कमी होती? पण नाही, इंदापूरला विजयसिंहाकडे गेले, का तर तो आपल्या गेणबाचा मुलगा. गेणबा कारखान्यात लेथवर होता. खात्यात त्याच्याइतका साहेबांना मान देणारा दुसरा माणूस नव्हता, आणि लेकानं बापाचं वळण घेतलेलं. "साहेब, तुमी आत बसा गार हवेत. बा लई नाव काढायचा तुमचं," म्हणत त्यानं यांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि जुन्या दिवसांचं विचारलं. झालं. विजयसिंहनं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हे चढले. एका गिअरच्या दातात केसाएवढी चीर आपण कशी पकडली, मुंबईचे लोक कसे तोंडात बोट घालून बघत राहिले, ही हकीकत त्यांनी पाऊण तास सांगितली. काचेपलीकडे गाडी जॅकवर चढली, जुने टायर निघाले, नवे आले, बसले. मधेच विजयसिंहनं काहीतरी विचारलं, यांनी काहीतरी उत्तर दिलं. उठून एकदा बाहेर जायला काय झालं होतं? चार पावलं होती. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत पाऊण तास कुणी आपलं ऐकून घेतलं नव्हतं, हे त्याचं खरं उत्तर, आणि ते उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही.

पार्किंगमध्ये त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायर काळेभोर, पॉलिश मारलेले, आणि साच्यातून निघताना रबराला येतात ते बारीक केस अजून सगळीकडे ताठ उभे. केस आहेत! मग जुने कसे? हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांना आठवलं की केस झिजतात ते रस्त्यावर. गोदामात पडून राहिलेल्या टायरचे केस कोण झिजवणार? मग तारीख. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हे काही त्यांना मोबाइलवर शोधावं लागलं नाही. पण चारी चाकांच्या बाहेरच्या अंगाला कंपनीचं नाव होतं, माप होतं, चौकट नव्हती. चौकट टायरच्या एकाच अंगाला असते आणि ते अंग चारी वेळा आत गेलं होतं. एकदा आत गेलं तर योगायोग, दोनदा गेलं तर निष्काळजीपणा, चारदा गेलं तर काय म्हणायचं? त्यांनी गाडीतला पेपर काढून फरशीवर अंथरला आणि अडुसष्टाव्या वर्षी, रविवारचा धुतलेला सदरा अंगात असताना, ते गाडीखाली शिरले. कोपर खरचटलं. मोबाइलचा दिवा लावावा तर फोटो निघेना, फोटो काढावा तर दिवा विझे. कानात धूळ गेली. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून विमलचा आवाज आला, "काय शोधताय?" ते म्हणाले, "काही नाही." "मग सापडलं का?" विमल म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला उत्तरं लागत नाहीत.

सापडलं. चौतीस सतरा. मागच्या डाव्या चाकावर चौतीस सतरा, उजव्यावर चौतीस सतरा, पुढच्या दोन्हींवर छत्तीस सतरा. महिना-साल समजून वाचायला जावं तर चौतिसावा महिना पंचांगात नाही. म्हणजे आठवडाच तो, आणि सतरा हे साल. आठ वर्षांपूर्वीचा ऑगस्ट-सप्टेंबर. ते पाठीवर तसेच पडून राहिले. सायलेन्सरचा गंजका पाइप नाकापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांना काही केल्या राग नक्की कुणाचा आलाय ते ठरवता येईना. विजयसिंहचा यायला पाहिजे होता. शेजारचा माणूस पाण्याची बादली घेऊन आला, दोन पाय बघून थबकला, "काका, बरे आहात ना?" म्हणाला. "बरा आहे!" रघुनाथराव गाडीखालून ओरडले. सतराच्या ऑगस्टमध्ये हे रबर कुठल्यातरी साच्यातून गरम गरम बाहेर पडत होतं तेव्हा आपण काय करत होतो, असा विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि तो आला नसता तर बरं झालं असतं.

काय करत होतो ते काही विसरण्यासारखं नव्हतं. स्वरदा तेव्हा सत्तावीस वर्षांची. लहानपणापासून या मुलीला एक खोड होती, ती म्हणजे बाबांनी "पास" म्हटल्याशिवाय ती कशाला हात लावायची नाही. सायकल आणली तर बाबांनी ब्रेक बघायचा, नट फिरवून बघायचा, आणि मग "पास" म्हणायचं. तोवर ती सीटवर बसायची नाही. आंबे असोत, चपला असोत, दहावीच्या परीक्षेचं पेन असो. मिहिर, धाकटा, बाबांना भिंतीवरून उडी मारून दाखवायचा आणि खरचटून घ्यायचा. ही थांबायची. लोक कौतुक करायचे आणि रघुनाथराव मनातून फुलायचे, कारण कारखान्यात त्यांच्या शिक्क्याला लोक घाबरत होते आणि घरी एकजण त्यावर जीव टाकत होती. तीच मुलगी एक दिवस म्हणाली, बाबा, ऋषिराज म्हणून आहे, तुमच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे, कॉलनीत राहतो, तुम्ही एकदा बघून या. बघून या म्हणाली, परवानगी द्या म्हणाली नाही. त्यांना तेवढंच खटकलं होतं, की मुलगा तिनं आधीच निवडला आणि आपल्याकडे फक्त शिक्क्याला पाठवला. गेले मात्र. दिवसभरानं परत आले आणि म्हणाले, "कॉलनीत जाऊन आलो. चार घरी विचारलं. मुलगा चालू आहे." स्वरदानं एकदाच त्यांच्याकडे बघितलं. पुढं पंधरा-वीस दिवसांत ते प्रकरण मिटलं, कसं मिटलं ते त्यांनी विचारलं नाही. नंतर आलेल्या स्थळांना ती स्वतःच नको म्हणत गेली. आता पस्तीस. ऋषिराजचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, नाशिकला असतो म्हणे.

ते गाडीखालून निघाले, पाठ झटकली, आणि ठरवलं की कुणाला कळायच्या आत इंदापूरला जायचं, टायर बदलायचे आणि परत यायचं. स्वरदाला ते गुरुवारी म्हणाले होते, "मी स्वतः बघून घेतलेत, डोळे झाकून चालव." पोरीनं शुक्रवारी, शनिवारी चालवली. डोळे झाकूनच म्हणायची. टायर काय, बदलता येतात; ते वाक्य तिच्या कानातून कसं बदलायचं? तिला एकदा कळलं की बाबा न बघता बोलतात, तर ती मागं किती जाईल, कुठल्या कुठल्या "पास"ला हात घालेल, याचा हिशेब त्यांना पार्किंगमध्ये उभ्या उभ्याच घाम फोडायला पुरेसा होता. पाकीट घ्यायला वर गेले तर स्वरदा पायांत चपला घालून तयार. "बाबा, इंदापूरला निघालात का? आई म्हणाली. मी पण येते, पेपरांचा गठ्ठा कॉलेजातच राहिलाय, तपासायचाय." विमलला त्यांनी सांगितलं नव्हतं. पण गॅलरीतून त्यांना गाडीखाली शिरलेलं बघून तिनं काय जोडायचं ते जोडलं असणार. "तू कशाला, मी आणतो गठ्ठा." "तुम्हाला कोण देईल? सही लागते." "मग मी चालवतो," ते म्हणाले, एवढं जोरात की विमलनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

काटेवाडीपर्यंत त्यांनी गाडी चाळिसाच्या वर नेली नाही. ट्रॅक्टर त्यांना मागं टाकत होते. उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी, आणि तेही पुढं निघून जात होते. "बाबा, बरं वाटत नाहीये का?" स्वरदा म्हणाली. "मी चालवू? परवा मी ऐंशीनं आणली, मस्त पळते. टायर नवे असले की फरक पडतोच." त्यांनी स्टीअरिंग घट्ट धरलं. ऐंशीनं. भवानीनगरच्या पुढं रस्ता उखडलेला होता आणि प्रत्येक खड्ड्याला रबर कुठं उलतंय, कुठं चीर वाढतेय, हे त्यांना बुडाखाली जाणवत होतं. जाणवत नसणारच, पण जाणवत होतं. सांगून टाकावं का? स्वरदा, टायर जुने आहेत, मला फसवलं. म्हणजे विजयसिंह चोर ठरेल आणि आपण सुटू. पण ती विचारणार, तुम्ही बघितले होते ना? आणि मग? जुन्या खात्यात असला प्रसंग आला की ते समोरच्याला एकच प्रश्न टाकायचे, बघितलंस की नाही, हो की नाही सांग, आणि मोठी मोठी माणसं त्यांच्यापुढं जमिनीकडे बघायची. त्यांना तेव्हा त्या माणसांची कीव आली नव्हती. रस्त्यावर ऊस सांडलेला, साखर कारखान्याच्या मळीचा वास काचा लावूनही आत येत होता, आणि चिडचिड एवढी झाली होती की समोर आलेल्या एका म्हशीला त्यांनी गाडी थांबवून शिवी दिली. स्वरदा हसली. ती हसली म्हणून त्यांना आणखीच वाईट वाटलं.

आणि मग जंक्शन आलं. इथून वालचंदनगरला फाटा फुटतो, कोपऱ्यावर चहाच्या टपऱ्या आहेत, आणि एकतीस वर्षं ते इथं एसटीनं उतरले आहेत. आठ वर्षांपूर्वीही उतरले होते, ऋषिराजला बघायला. खरी गोष्ट एवढीच, की ते तिथून पुढं गेलेच नव्हते. निवृत्तीला वर्ष झालेलं. कॉलनीत गेलं की दहा जण विचारणार, काय साहेब, हल्ली काय करता? दूध आणतो, पेपर वाचतो, असं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यात ऊन. त्यात टपरीवर गेणबा भेटला, डोक्यावरची टोपी सारखी करत उठून उभा राहिला, चहा पाजला. त्या चहाच्या पेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो ऋषिराज म्हणून इंजिनिअर कसा आहे रे? गेणबा हसला. "त्यो व्हय? लई चालू पोरगं हाय, साहेब." झालं, रघुनाथरावांना पाहिजे होतं ते मिळालं. खात्यात चालू काम म्हणजे भागवाभागवीचं, पाट्या टाकलेलं. चालू माणूस म्हणजे बेरकी, डोळ्यांत धूळ टाकणारा. हजार वेळा त्यांनी तो शब्द लाल शाईनं लिहिला होता. आता त्याची खातरजमा करायला उन्हात दोन किलोमीटर कोण जाणार? "तुमी कशाला तरास घेताय," असं गेणबाही म्हणाला. त्यांनी परतीची एसटी पकडली आणि चार घरं वाटेत रचली. फाटा मागं पडला तेव्हा स्वरदा खिडकीबाहेर बघत होती.

विजयसिंहचं दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असायचं. रघुनाथरावांचा बेत असा होता, की स्वरदाला कॉलेजवर सोडायचं आणि मागाहून दुकानात जायचं. पण टायरच्या दुकानात जरा काम आहे म्हणताच ती म्हणाली, "आधी तुमचं उरका, कॉलेज पाच मिनिटांवर आहे," आणि उतरून टायरांच्या उतरंडीशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. विजयसिंह हात पुसत पुढं आला. भिंतीवर गेणबाचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. गेणबा दोन वर्षांपूर्वी गेला. गुरुवारी फोटोकडे बघून रघुनाथराव हळहळले होते, आज त्यांनी नजर टाळली. विजयसिंहला कोपऱ्यात नेऊन हळू बोलायचं असं घोकून आलेला माणूस, पण आवाज चढायचा तो चढलाच. "विजयसिंह, टायर आठ वर्षांपूर्वीचे आहेत! गाडीखाली झोपून वाचलंय मी. सतराचे आहेत!" खुर्चीवरून स्वरदानं मान वर केली.

विजयसिंह दचकला नाही, हेच त्यांना विचित्र वाटलं. "व्हय, सतराचंच हायती," तो म्हणाला. "कोरं तेवढंच शिल्लक व्हतं."

"आणि ते तू नवे म्हणून माझ्या गळ्यात मारलेस?"

"आवं साहेब, मी इचारलं न्हाय व्हय तुमास्नी? तितं आत बसल्याव. कोरं घालू का चालू? तर तुमी हात झटकलासा असा, आन् म्हणला, कोरेच टाका, चालू-बिलू आपल्याला खपत नाही. मी म्हणलं साहेब सोता बोलत्यात, मी कोण?"

त्यांनी असं म्हटलं होतं. शब्द न् शब्द. गिअरच्या दाताची गोष्ट ऐन रंगात आली असताना कानावर "चालू" पडला आणि हात आपोआप झटकला गेला होता. विजयसिंह आता जरा घाबरून समजावत होता. कोरे म्हणजे पडून राहिलेले, न पळालेले. शेतावरच्या शेतावर फिरणारी जुनी जीप असते, तिला ते पुरतात, स्वस्तही पडतात. चालू म्हणजे चालू सालाचे, यंदाचे. तारखा आत गेल्या त्या मुद्दाम नव्हे, बसतील तसे बसवले. "मला बी वाटलं, साहेब कोरं कशाला म्हणत असतील? पर तुमच्या पुढं काय बोलायचं? शबुद आमच्या बाचाच हाय तसा. त्याच्या तोंडात चालू म्हंजी एक नंबर. मशीन चालू, माल चालू, माणूस चालू. एखाद्याचं लई कवतिक करायचं झालं, तर म्हणायचा, लई चालू गडी हाय."

स्वरदा हसायला लागली. मनापासून, पोट धरून. "बाबा! तुम्ही स्वतःच—" म्हणाली आणि हसत राहिली. विजयसिंहही सुटल्यासारखा हसला, आणि तेवढी दोन-तीन क्षणांची हवा रघुनाथरावांना बरी वाटली. ते स्वतःही हसल्यासारखं करत होते. पण त्यांच्या कानात विजयसिंहचं शेवटचं वाक्य आता दुसऱ्याच आवाजात ऐकू येत होतं. टपरीवर उठून उभ्या राहिलेल्या माणसाच्या. आणि त्यांनी समोर बघितलं तर स्वरदाचं हसू थांबत आलं होतं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऋषिराजला चालू म्हणाला होतात. तो शब्द कुणाचा होता?"

विजयसिंह चटकन गाडीकडे गेला आणि माणसांना जॅक लावायला सांगू लागला. रघुनाथराव दुसऱ्या खुर्चीवर बसले. खोटं बोलायला वाट अगदी मोकळी होती. गेणबा भिंतीवर होता, तो खाली उतरून साक्ष द्यायला येणार नव्हता. कॉलनीतली निम्मी माणसं बदलून गेली होती. माझाच शब्द, मी चार घरी विचारलं, एवढं म्हटलं असतं की ती उठून गठ्ठा आणायला गेली असती आणि सोमवारी यंदाच्या टायरवर डोळे झाकून गाडी चालवली असती. तेच नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिनं डोळे झाकलेले नको होते.

"गेणबाचा," ते म्हणाले. "मी कॉलनीत गेलोच नव्हतो. जंक्शनवर चहा प्यायलो आणि परत आलो."

"चार घरं?"

"एकाही घरी गेलो नाही."

तिनं मान हलवली, वर्गात एखाद्याचं उत्तर ऐकून घ्यावं तशी. रडेल, ओरडेल, उठून जाईल, असं काय काय त्यांना वाटत होतं आणि त्यातलं काहीतरी व्हावं अशी त्यांची इच्छा होती. हवेच्या पान्यानं नट निघायला लागले आणि त्या फडफडाटात बोलता येईना, ती थांबली. चारी नट निघेपर्यंत थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्यानं मला सांगितलं होतं. तुझे बाबा कॉलनीत आलेच नव्हते, मी प्रत्येक घरी विचारलंय, म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझे बाबा न बघता शिक्का मारत नाहीत. तू खोटं बोलतोयस. तुम्ही चालू म्हणालात म्हणून नव्हतं मोडलं मी, बाबा. तो खोटं बोलला म्हणून मोडलं."

जुना टायर जमिनीवर पडला, थोडा गडगडत गेला आणि भिंतीला टेकून आडवा झाला. कुणीतरी तो उचलला. रघुनाथरावांना तिचा हात धरावासा वाटला, पण आपला हात आपल्याच मांडीवरून हलेना. मला माफ कर, हे शब्द मराठीत आहेत आणि माणसं ते म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. ते तोंडात आले तेव्हा एवढे लहान वाटले की त्यांनी गिळले.

"साहेब, मग चालू घालू न्हवं?" विजयसिंहनं लांबूनच विचारलं, आणि विचारताना तो कुणाकडे बघावं या गोंधळात होता.

"चालू टाका," स्वरदा म्हणाली. ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि आणून ठेवलेल्या चार टायरांपाशी जाऊन खाली बसली. एकेक टायर तिनं स्वतः उलटा केला, अंगठ्यानं पॉलिश पुसलं आणि चौकट शोधत बोट फिरवत राहिली. पहिला झाला. दुसऱ्याला बराच वेळ लागला. तिचं बोट सापडलेल्या आकड्यांवरच थांबलं होतं आणि खांदे हलत होते. रघुनाथराव गुडघ्यांवर हात देऊन उठले, तिच्या मागं जाऊन उभे राहिले, खिशातून चष्मा काढला.

"मी बघू का?"

"नको, बाबा," मान वर न करता ती म्हणाली. "मला येतं वाचता."